पायापासून चौकटीपर्यंत

घर बांधण्याबद्दल लिहायचं म्हटलं की पहिली ओळ ठरलेली असते: घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून. माझं लग्न २०१८ साली झालं. दोन्हीकडच्या मावश्यांनी आणि कार्यालयवाल्यांनी सगळं पार पाडलं, मला फक्त वेळेवर उभं राहायचं होतं. त्यामुळे म्हणीतला लग्नाचा भाग मला तितकासा पटला नव्हता. घराचा भाग मात्र २०२२ साली चांगलाच पटला, आणि तोही वेळेवर उभा राहिलो नाही म्हणून.

मी निपाणीचा. बी.ई. बेळगावला केलं आणि तेव्हापासून बेंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये आहे. निपाणीचं आमचं घर आजोबांनी घेतलेलं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि मंगळुरी कौलं. ही कौलं आमच्याकडे इतकी रुळलेली, की मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये त्यांचा कारखाना काढला, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, कौलं आमच्याकडेच उगवत असावीत.

त्या घराच्या मागच्या भिंतीला एक भेग होती. उन्हाळ्यात तिच्यात आठ आण्याचं नाणं बसायचं. पावसाळ्यात नखही जायचं नाही. आजी म्हणायची, घर श्वास घेतंय. आम्हा मुलांना ते खरंच वाटायचं.

२०२१ च्या जुलैमध्ये, कोल्हापूर-निपाणी भागात पुराने हायवे बंद पडला त्या आठवड्यात, आप्पांचा फोन आला. "मागची भिंत बसली," एवढंच म्हणाले. आई आणि ते पुढच्या खोलीत होते म्हणून निभावलं. मला तीन दिवस गावाकडे निघताच आलं नाही. बेंगळुरूच्या नवव्या मजल्यावर, कोरड्या खोलीत बसून मी आई-वडिलांना ताडपत्री कुठे मिळेल ते फोनवरून सांगत होतो. तेव्हा ठरवलं की घर बांधायचं.

पैसे होते, पण ते बेंगळुरूच्या फ्लॅटसाठी बाजूला ठेवलेले. मित्र म्हणाले, गावाकडे कशाला अडकवतोस, तिथं उद्या राहणार कोण? प्रश्न रास्त होता. माझ्या बायकोने त्याचं उत्तर सोपं करून टाकलं. म्हणाली, "आपण कधी राहू ते नंतर बघू. आई-आप्पा उद्या राहणार आहेत ना, त्यांच्यापुरतं बांध. लोकांना दाखवायला बांधू नकोस." म्हणून एक मजली, नऊशे चौरस फुटांचं, जिना न चढावा लागेल असं घर ठरलं.

कागद काढायला बसलो तेव्हा एक गंमत झाली. आजोबांचं खरेदीखत १९५२ चं, मराठीत, मुंबई राज्यातलं. त्यानंतरचे काही कागद म्हैसूर राज्याचे, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही तिकडे गेलो. १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं, तेव्हा पुढचे कागद कर्नाटकाचे. आप्पांनी तिन्ही गठ्ठे पलंगावर मांडले आणि म्हणाले, "बघ, घर एक इंचसुद्धा हललं नाही." आप्पा बाजारात कानडी फाडफाड बोलतात, पण त्यांना ते वाचता येत नाही. बेंगळुरूला राहून मला अडखळत का होईना वाचता येतं. त्यामुळे बांधकामाच्या परवान्याचा अर्ज मी मोठ्याने वाचायचा, मराठीत सांगायचा आणि आप्पांनी सही करायची, असा आमचा कार्यक्रम आठवडाभर चालला. लहानपणी ते मला पत्रं वाचून दाखवायचे, त्याची आठवण झाली.

नकाशा आणि सळईचा हिशेब बेळगावच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने करून दिला. काम आमच्या मेस्त्रींना दिलं. मी त्यांना मामा म्हणतो. आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, तेव्हा त्या वखारीची डागडुजी हेच मामा करायचे. आप्पांची आणि त्यांची पस्तीस वर्षांची ओळख. मामा मला "इंजिनेर" म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नशीब असं की तेव्हा आमच्या कंपनीचं वर्क फ्रॉम होम चालू होतं. जानेवारीत मी लॅपटॉप घेऊन निपाणीला आलो. जुनं घर उतरवलं. तुळया, कौलं, जोत्याचे दगड आणि पुढच्या दाराची चौकट बाजूला काढून ठेवली, आणि समोरच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

पहिला धडा पायाच्या खड्ड्यात मिळाला. आमची जमीन काळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तंबाखूला ती चांगली, घराला वाईट. तिच्यावर पाया ठेवला तर दरवर्षी घर थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं, आणि ते सगळीकडे सारखं होत नाही. आजी म्हणायची तो श्वास हाच होता. जुन्या घराचा पाया जेमतेम तीन फूट, सगळा काळ्या मातीतच. सत्तर वर्षं ते घर फुगत आणि आक्रसत राहिलं, आणि शेवटी एका पावसात थकलं.

चार फुटांवर आप्पा म्हणाले, बास झालं. मामा खड्ड्यात उतरले आणि पहार आपटली. धप्प असा आवाज आला. "अजून काळीच हाय," म्हणाले. पाच फुटांवर पुन्हा तेच. सहाव्या फुटाला पहारेचा आवाज बदलला, खणखणीत झाला आणि तिच्या टोकाला पिवळट मुरूम लागला. मामांनी तो चिमटीत घेऊन चुरडला, पाण्यात टाकून बघितला, आणि मग वर येऊन तंबाखू मळायला घेतली. बाराही खड्डे मुरमापर्यंत नेले. ते दोन फूट जास्तीचे खोदायला आणि भरायला गेलेले पैसे आज कुठेच दिसत नाहीत. घरातला सगळ्यात चांगला खर्च तोच होता, असं मला वाटतं.

फूटिंग झाली, जोत्याच्या पातळीवर सगळ्या कॉलमना बांधणारा प्लिंथ बीम झाला, जुन्या घराचे काळे दगड जोत्याला लागले. मी रोज सकाळी मापं घ्यायचो, फोटो काढायचो आणि तक्त्यात भरायचो. रात्री पुस्तकं आणि आय.एस. ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक वाचायचो. सळई आणि फळी यांच्यात किती अंतर हवं, रिंगांचे आकडे किती वळलेले हवेत, हे पाठ झालं. थोडक्यात, मला सगळं समजायला लागलं आहे असं मला वाटू लागलं.

मग फेब्रुवारीतला तो गुरुवार आला. त्या दिवशी बारा कॉलम भरायचे होते. कॉलमचा साचा उंच आणि अरुंद, आत सळयांची गर्दी. वरून ओतलेला माल नुसता टाकला तर कोपऱ्यात आणि सळयांच्या मागे हवा राहते. म्हणून त्यात व्हायब्रेटरची लांब नळी सोडतात. ती थरथरली की हवा बुडबुड्यांनी वर येते आणि माल घट्ट बसतो. आमचा व्हायब्रेटर पेट्रोलवर चालणारा होता. पेट्रोल आणायचं काम माझ्याकडे होतं. कॅन स्कूटरला अडकवलेला होता, आणि मी अकरा वाजताच्या मीटिंगला बसलो होतो. रिलीज होता. फोन सायलेंटवर होता.

दुपारी खाली गेलो तर काम आटपलेलं. मामा हातपाय धूत होते. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या. अकरा कॉलम गुळगुळीत. बारावा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला, गुडघ्याच्या उंचीला मधमाशांच्या पोळ्यासारखा. नुसती खडी, मध्ये पोकळी, आणि आत सळई दिसत होती.

मामा म्हणाले, "जाड माल भरून घेतो. वरनं प्लास्टर. दिसणार बी न्हाई."

मी म्हटलं, "दिसणार नाही म्हणूनच भीती वाटते, मामा."

बेळगावच्या इंजिनिअरला फोटो पाठवले. त्यांनी सळई खुपसून खोली मोजायला सांगितली. तीन इंच आत गेली. ते म्हणाले, वरवरचं असतं तर दुरुस्ती चालली असती. हे आरपार जात असेल, आणि छताचा भार तिथूनच खाली येणार. आत्ता फोडायला एक दिवस लागेल, स्लॅब पडल्यावर फोडताच येणार नाही. मी तसंच येऊन मामांना सांगितलं. माणसं उभी होती, सेंटरिंगवाला होता, शेजारचे दोघं होते. त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "हा कॉलम फोडायचा."

मामांनी थापी धुतली, ओळंबा पिशवीत टाकला आणि निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "माझा कॉलम आजवर कुणी फोडला न्हाई, इंजिनेर."

दोन दिवस काम बंद. आप्पा माझ्याशी बोलेनात. तिसऱ्या दिवशी जेवताना ताट बाजूला सारून म्हणाले, "माणूस तोडून घर बांधतात काय?" मी मानक, भार, भूकंप, सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुझं बरोबरच असेल. पण त्यांनी इतक्या वर्षांत एक कॉलम बिघडवला नाही, तो आत्ताच कसा बिघडला, हे तू विचारलंस काय?"

मी विचारलं नव्हतं. रात्री फोन उघडून गुरुवारचे कॉल बघितले. ११ वाजून ३४ मिनिटं, मामा. ११ वाजून ४१ मिनिटं, मामा. दोन्ही न उचललेले.

काय झालं असेल ते तेव्हा कळलं. अकरा कॉलम झाल्यावर पेट्रोल संपलं. मिक्सरमध्ये बाराव्याचा माल फिरत होता. सिमेंटला एकदा पाणी लागलं की घड्याळ चालू होतं, अर्ध्या-पाऊण तासात ते धरायला लागतं. मामांनी दोनदा फोन केला, वाट बघितली, आणि मग माल वाया जाईल म्हणून सळईने कोचून कोचून कॉलम भरला. आमच्या कामात चुकलं तर मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं. इथे परत जायचं म्हणजे छिन्नी आणि हातोडा.

सकाळी मामांच्या घरी गेलो. ते अंगणात म्हशीला वैरण टाकत होते. मी म्हटलं, "मामा, पेट्रोल माझ्याकडं होतं. फोन पण माझ्याकडंच होता."

"ठाऊक हाय की मला," ते वैरण टाकतच म्हणाले.

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला का नाहीत?"

"दिवाणजी उभं हुतं तिथं. पोराची चूक बापाच्या म्होरं कशाला बोलायची?"

मी काय बोलणार? त्यांनी चहा ठेवायला सांगितला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मी बी तो माल वतायला नगो हुता. वाया जाऊ दे म्हणायला पायजे हुतं. पर सात पोत्यांचं पैसं तुझं, असं डोक्यात आलं. चल. उद्या फोडतो. पर दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः छिन्नी धरली. खालचा पोकळ भाग तासाभरात निघाला, पण वरचा चांगला भरलेला कॉलम दोघांना संध्याकाळपर्यंत पुरून उरला. फोडताना एकदा त्यांनी आप्पांना हाक मारली आणि त्या पोकळीत दोन बोटं घातली. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. आप्पांनी बघितलं. कुणी काही बोललं नाही. सळया ब्रशने साफ केल्या, खालच्या काँक्रीटला सिमेंटचं पाणी लावलं आणि बारावा कॉलम पुन्हा भरला. पेट्रोलचे दोन कॅन मी भल्या पहाटेच आणून ठेवले होते. मामांनी ते बघितले आणि पहिल्यांदाच हसले.

स्लॅबचा दिवस ठरला रविवार, २७ मार्च. रविवार माझ्यासाठी, मीटिंग नको म्हणून. सकाळी सात वाजता नारळ फोडला. एकशे दहा पोती सिमेंट, मिक्सर, माल वर न्यायला लिफ्ट, आणि तीसेक माणसं. सगळ्यांत मोठं भांडण दरवेळी पाण्यावरून होतं, हे मला आता माहीत होतं. एम-२० काँक्रीटला एका पोत्याला दीड पट वाळू आणि तीन पट खडी. पन्नास किलोच्या पोत्याला पाणी पंचवीस लिटरच्या वर नको, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण पातळ माल पसरायला सोपा असतो. त्यामुळे मिक्सरवरच्या माणसाचा हात आपोआप पाण्याकडे जातो. सिमेंटला जेवढं हवं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. दिसत नाहीत, पण छत तेवढं कच्चं होतं, आणि पावसाचं पाणी त्याच वाटेने सळईपर्यंत पोचतं.

मिक्सरवरचा माणूस विजापूरकडचा होता. त्याला मराठी जेमतेम येत होतं. त्याने पाइप थेट मिक्सरमध्ये सोडला होता. मी मराठीत दोनदा सांगितलं, त्याने मान डोलावली आणि पाणी चालूच ठेवलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "नीरु साकु!" पाणी पुरे. आप्पा होते. त्यांनी पाइप काढायला लावला, बादलीला आतून खडूने रेघ मारली, मिक्सरशेजारी खुर्ची टाकली आणि वही उघडली. वखारीत बोद मोजताना मारायचे तशा चार उभ्या आणि एक आडवी रेघ. एक पोतं, एक रेघ. एक पोतं, रेघेपर्यंत पाणी. संध्याकाळी साडेपाचपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मध्येच कुणाचा हात पाइपकडे गेला की खुर्चीतून आवाज यायचा, "साकु!" दुपारपर्यंत सगळी माणसं, मराठी काय आणि कानडी काय, एकमेकांना हसत "साकु, साकु" म्हणायला लागली होती. मामा वर स्लॅबवर होते, मी व्हायब्रेटरपाशी. रात्री सगळ्यांना मटण-भाकरीचं जेवण घातलं. आमच्याकडे स्लॅबचं जेवण चुकवत नाहीत.

मला वाटलं होतं, स्लॅब पडला की झालं. खरं काम त्यानंतर आईचं होतं. काँक्रीट वाळून घट्ट होतं हा आपला गैरसमज. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते कठीण होतं, म्हणून त्याला ओलं ठेवावं लागतं. पहिल्या सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांची धरतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी चुकलं तर वरच्या थराला भेगा. आईला यातलं रसायनशास्त्र सांगायला गेलो तर म्हणाली, "बाळंतिणीला चाळीस दिवस जपतात, याला अठ्ठावीस. त्यात काय शिकवतोस?" तिने स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून घेतले, वाफ्यांत भरावं तसं पाणी भरलं. कॉलमना वखारीतली जुनी गोणपाटं गुंडाळली आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवली. २ एप्रिलला पाडवा होता. आईने गुढी नव्या स्लॅबवर उभारली, घोटाभर पाण्यात. तो फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये आहे.

स्लॅब टाकताना मामांकडून सहा क्यूब भरून घेतले होते, पंधरा सेंटीमीटरचे. तीन सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडले. हवा होता वीसचा आकडा, आला चोवीसच्या वर. मामांना सांगितलं तर म्हणाले, "यंत्रानं सांगितलं व्हय? बरं झालं. दिवाणजींनी तर त्याच दिवशी सांगितलं हुतं."

टेकू पंधरा दिवसांनी निघाले. विटांच्या भिंती चढायला लागल्या आणि चौकटीचा विषय निघाला. आप्पांच्या मनात पहिल्यापासून होतं की जुन्या घराची सागवानी चौकट नव्या पुढच्या दाराला बसवायची. आजोबांनी बसवलेली ती. मला ती नको होती असं नाही, पण ती साडेपाच फूट उंचीची. मी सुद्धा वाकून जायचो. सुताराने उलटी करून बघितली तर दोन्ही पाय वाळवीने खाल्लेले. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं म्हणजे आणखी अर्धा फूट जाणार. पाच फुटांचं पुढचं दार कुणी ठेवत नाही. आप्पा काही बोलले नाहीत. उठून बाहेर जाऊन उभे राहिले. कॉलमच्या वेळी ते माझ्यावर रागावले होते, ते परवडलं होतं. हे मला बघवेना.

आईने भाजी निवडता निवडता सांगितलं, "देवघराला बसवा की. तिथं वाकूनच जायचं असतं." आप्पांनी बाहेरूनच विचारलं, "मापात बसतीया काय बघ." सुताराने फीत लावली. देवघराची भिंत अजून उभी राहायची होती, त्यामुळे मापाचा प्रश्नच नव्हता. भिंत चौकटीच्या मापाने बांधली.

३ मे २०२२, अक्षय तृतीया. त्या दिवशी पुढच्या दाराची नवी चौकट उभी केली. उंबऱ्याखाली आईने हळकुंड, सुपारी आणि नाणं ठेवलं. कुणाला दिसणार नाही असं पाहून आप्पांनी आठ आण्याचं एक जुनं नाणंही त्यात टाकलं. त्या भेगेत बसायचं तसलं. मला दिसलं.

मामांनी ओळंबा माझ्या हातात दिला. "धर, इंजिनेर. हलवू नगंस." मी वर दोरी धरून उभा राहिलो आणि ते खाली बसून लोलक थांबायची वाट बघत राहिले. तो थांबायला वेळ लागतो. मिनिटभर तरी नुसतं उभं राहावं लागतं. एरवी एवढ्या वेळात मी दोनदा फोन काढून बघितला असता. लोलक थांबला, मामांनी एका बाजूला पाचर मारली, पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, "साकु."

आई-आप्पा त्याच वर्षी दसऱ्याला तिथे राहायला गेले. आम्ही बेंगळुरूत भाड्यानेच राहतो, फ्लॅट अजून घेतलेला नाही. उद्या त्या घरात कोण राहणार, या मित्रांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही पक्कं उत्तर नाही. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. ती सुट्टीत तिथे जाते आणि सगळ्या घरात देवघराच्या दारातून न वाकता जाणारी ती एकटीच आहे, याचा तिला फार अभिमान आहे. मागची भिंत मी दर उन्हाळ्यात बारकाईने बघतो. भेग नाही. पाऊस पडू लागला की आता मी फोन करतो तेव्हा ताडपत्रीचा विषय निघत नाही, पिकापाण्याचा निघतो. एवढ्यासाठी ते पैसे गेले असतील तर ते वाया गेले असं मला वाटत नाही.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांचं असंच एखादं जुनं घर निपाणीला, खानापूरला, चिकोडीला किंवा बेळगावच्या एखाद्या गल्लीत उभं असेल, आणि त्याच्या एखाद्या भिंतीला भेगही असेल. बांधायला काढलंत तर दोन-तीन गोष्टी सांगतो. पहारेचा आवाज बदलेपर्यंत खोदा. पाणी मोजायला घरातलं असं माणूस बसवा, ज्याचं सगळे ऐकतात. काही बिघडलं तर कुणाचं चुकलं हे ठरवायच्या आधी आपल्याच फोनमधले न उचललेले कॉल बघा. आणि कॉलम भरायच्या आदल्या रात्रीच पेट्रोलचा कॅन भरून ठेवा.